समासातला शेरा

सबमिशनचा आठवडा म्हणजे काय असतं, ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. रात्री दोन वाजता कॉरिडॉरमधल्या सगळ्या खोल्यांचे दिवे चालू, एकाच्या जर्नलवरून चौघांचं उतरवणं चालू, आणि सकाळी सरांच्या केबिनबाहेर रांग. जर्नल तपासून परत हातात आलं की आपण आधी काय बघतो? आपण काय लिहिलंय ते तर कुणीच बघत नाही. सगळ्यांची नजर जाते समासातल्या लाल शाईच्या शेऱ्यावर.

आमच्या बॅचमधल्या एका मित्रानं एकदा एका प्रयोगाची रीडिंग्ज जशी आली तशी लिहिली. ती थिअरीशी जुळत नव्हती. शेरा आला, ‘रीडिंग्ज चूक. पुन्हा करा.’ मीटर तपासायला कुणी गेलं नाही, त्यानंही मग काही विचारलं नाही. पुढच्या प्रयोगापासून मात्र त्याची रीडिंग्ज थिअरीशी दशांश चिन्हापर्यंत जुळायला लागली. मीटर तोच होता, वायरी त्याच होत्या. बदलला होता तो फक्त लिहिणारा.

हा किस्सा मला पुन्हा आठवला तो अगदी भलत्याच ठिकाणी. पहिलं महायुद्ध कसं सुरू झालं यावरचं एक जाडजूड पुस्तक लायब्ररीतून आणलं होतं. (परीक्षा संपल्यावर माणूस काहीही वाचतो!) त्यात १९१४ सालच्या राजदूतांचे अहवाल होते आणि त्या अहवालांच्या समासात शेरे होते. शेरे मारणारा होता जर्मनीचा सम्राट, कैसर विल्हेल्म दुसरा. ते वाचता वाचता मला आमच्या मित्राचं जर्नल डोळ्यांपुढं दिसायला लागलं.

शाळेत आपण काय शिकलो? २८ जून १९१४ ला साराजेव्हो गावात गॅव्हरिलो प्रिन्सिप नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोरानं ऑस्ट्रियाच्या युवराजावर आणि त्याच्या बायकोवर गोळ्या झाडल्या आणि महायुद्ध पेटलं. पाच मार्कांचा प्रश्न, संपला विषय. पण गोळ्या झाडल्या २८ जूनला आणि इंग्लंड युद्धात उतरलं ४ ऑगस्टला. मधले सदतीस दिवस कुठं गेले? त्या सदतीस दिवसांत युरोपातल्या प्रत्येक राजधानीत दुसऱ्या देशांचे राजदूत बसलेले होते आणि ते रोज लिहीत होते, तारा करत होते. माहितीचा दुष्काळ अजिबात नव्हता. मग एवढं सगळं कळत असताना घोळ कुठं झाला? माझं मत असं, की कळवणाऱ्यांनी कळवलं होतं. पण कळवणाऱ्याला वाचणाऱ्यानं वर्षानुवर्षं जे शिकवलं, तिथं पाणी मुरत होतं.

राजदूताचं काम आधी थोडक्यात समजून घेऊ. पेशवाईत परक्या दरबारात ठेवलेल्या माणसाला वकील म्हणत आणि त्याचं मुख्य काम म्हणजे पत्रं लिहिणं. इथं काय चाललंय, कोण कुणाला भेटलं, दरबारात वारं कुठल्या दिशेचं आहे, हे सगळं मालकाला कळवायचं. १९१४ सालीही काम तेच, फक्त घोड्याच्या जागी तारयंत्र आणि सांकेतिक लिपी आलेली. वकिलातीत लष्कराचा आणि नौदलाचा एकेक अधिकारीही असायचा, त्याला अटॅशे म्हणतात. मेजवानीला जायचं, शिकारीला जायचं, कान उघडे ठेवायचे आणि रात्री बसून लिहायचं. थोडक्यात, राजरोस, बिल्ला लावून केलेली हेरगिरी. त्या काळी फ्रान्ससारखा अपवाद सोडला तर युरोपातली सगळी बडी राष्ट्रं राजांची होती, त्यामुळं राजाच्या मनात काय आहे हे कळणं म्हणजे अर्धा पेपर फुटल्यासारखंच.

आता जर्मनीच्या लंडनमधल्या वकिलातीकडं बघा. १९०१ पासून तिथं पाउल मेटरनिख नावाचा राजदूत होता. (इतिहासाच्या पुस्तकातला तो जुना मेटरनिख वेगळा, हा त्याच्या कितीतरी नंतरचा.) जर्मनीनं १८९८ आणि १९०० साली कायदे करून मोठं आरमार बांधायला घेतलं होतं. १९०६ साली इंग्रजांनी ‘ड्रेडनॉट’ ही नवी युद्धनौका पाण्यात उतरवली आणि दोन्ही देशांत शर्यतच लागली. मेटरनिख परत परत कळवत राहिला की इंग्लंड बिथरलंय ते आपल्या आरमारामुळं. व्यापारातली चढाओढ ते सहन करतील, समुद्रावरची करणार नाहीत. त्याच वकिलातीत १९०७ पासून विल्हेल्म व्हीडेनमान हा नौदलाचा अटॅशे होता. त्याचं म्हणणं बरोबर उलटं. इंग्रज वाकतील, आपण फक्त जहाजं बांधत राहायचं. एकच शहर, एकच इमारत, तीच वर्तमानपत्रं, तेच इंग्रज. रीडिंग्ज मात्र दोन.

कैसरला कुठलं रीडिंग आवडलं असेल ते सांगायलाच नको. आरमार हे त्याचं लाडकं खेळणं होतं. व्हीडेनमानच्या अहवालांवर शाबासकी आणि मेटरनिखच्या अहवालांवर चिडचिड, असं वर्षानुवर्षं चाललं. शेवटी १९१२ साली मेटरनिखला परत बोलावलं. त्या निर्णयातून जर्मनीच्या सगळ्या वकिलातींना काय संदेश गेला असेल? हॉस्टेलमध्ये एकाला रेक्टरनं झापलं की बाकीच्या शंभर जणांना वेगळी नोटीस लावावी लागत नाही, तसंच.

मेटरनिखनंतर जो आला तो काही महिन्यांतच वारला. मग आला प्रिन्स लिख्नोव्हस्की. ‘हा तरी बरं काहीतरी कळवेल’ अशी आशा असावी. पण हाही पठ्ठ्या दिसेल तेच लिहिणारा निघाला. डिसेंबर १९१२ मध्ये इंग्लंडचा मंत्री हाल्डेन त्याला भेटला आणि म्हणाला की जर्मनीनं फ्रान्सवर हल्ला केला तर इंग्लंड गप्प बसणार नाही. कुठल्याही एका सत्तेनं सगळा युरोप गिळावा हे इंग्लंडला चालणार नाही. लिख्नोव्हस्कीनं ते जसंच्या तसं बर्लिनला कळवलं. कैसरनं समासात इंग्रजांच्या या धोरणाला मूर्खपणा ठरवलं. ८ डिसेंबरला, म्हणजे रविवारी, त्यानं सेनापती आणि आरमारप्रमुखांना राजवाड्यावर बोलावलं आणि युद्धाच्या गोष्टी केल्या. देशाच्या चॅन्सेलरला, म्हणजे पंतप्रधानाला, बोलावणंच नव्हतं! राजदूतानं वेळेवर दिलेली धोक्याची सूचना, तिचा उपयोग झाला तो राग यायला. तेव्हापासून बर्लिनमध्ये लिख्नोव्हस्कीबद्दल बोललं जायचं ते असं की हा इंग्रजांच्या गोडगोड बोलण्याला भुललाय.

आता येऊ मुख्य प्रसंगाकडं. ३० जून १९१४, साराजेव्होच्या खुनाला दोन दिवस झालेले. व्हिएन्नातला जर्मन राजदूत हाइनरिख फॉन चिर्श्की यानं बर्लिनला अहवाल पाठवला. मजकूर साधारण असा, की इथं चांगली शहाणी माणसंसुद्धा म्हणताहेत, सर्बियाचा एकदाचा कायमचा हिशोब करून टाकू. मात्र असं कुणी म्हणालं की मी त्याला शांतपणे पण स्पष्ट शब्दांत सांगतो की घाईघाईत काही करू नका.

अहवाल कैसरपुढं गेला. ‘कायमचा हिशोब’ या वाक्याशेजारी त्यानं लिहिलं, ‘आता नाही तर कधीच नाही.’ आणि घाई करू नका हे सांगितल्याच्या वाक्याशेजारी शेरा मारला त्याचा आशय असा: याला हा अधिकार दिला कुणी? हा मूर्खपणा आहे. ऑस्ट्रियानं काय करायचं ते ऑस्ट्रिया बघेल, यात याचा काय संबंध? चिर्श्कीनं हे चाळे बंद करावेत. सर्बांचा निकाल लावलाच पाहिजे, आणि लवकर.

चार-पाच ओळींचा शेरा. परिणाम बघा. जुलैचा दुसरा आठवडा उजाडायच्या आत चिर्श्की पूर्ण बदलला. जो माणूस ३० जूनला ‘सबुरीनं घ्या’ म्हणत होता, तोच ८ जुलैला ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री बेर्खटोल्ड याला ठासून सांगत होता, की तुम्ही सर्बियाविरुद्ध काहीतरी करावंच अशी बर्लिनची अपेक्षा आहे, ही संधी सोडलीत तर आम्हाला ते समजणार नाही. व्हिएन्नातली परिस्थिती आठवड्यात बदलली नव्हती. बदललेला पुन्हा एकदा फक्त लिहिणारा.

इथं कुणी म्हणेल, कैसरचा प्रश्न चुकीचा कुठं होता? राजदूतानं हुकुमाशिवाय सल्ले द्यायचे नसतात. मान्य. पण मग वाचणाऱ्याचं काम काय होतं? एक शब्द विचारायचं. ‘कशावरून?’ घाई करू नका असं तुला का वाटलं? तुला तिथं असं काय दिसतंय जे मला बर्लिनमध्ये बसून दिसत नाही? चिर्श्की १९०७ पासून व्हिएन्नात होता. सात वर्षं एका दरबारात काढलेल्या माणसाला घाईची भीती वाटते, ही मोठी मौल्यवान माहिती होती. ती त्याच्या वाक्यात होती, आणि कैसरनं तिच्यावरच रेघ मारली.

त्याच दिवसांत, ५ जुलैला ऑस्ट्रियाच्या राजदूताला पॉट्सडॅमच्या राजवाड्यावर जेवायला बोलावून कैसरनं सांगून टाकलं की काहीही झालं तरी जर्मनी तुमच्या पाठीशी उभा आहे. इतिहासात याला ‘कोरा चेक’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी, ६ जुलैला, महाराज आपल्या बोटीतून नॉर्वेच्या समुद्रात सहलीला निघून गेले ते २७ जुलैला परतले. कोऱ्या चेकवर आकडा काय पडतोय, ते बघायला मालक घरात नव्हता.

पण सगळा दोष एकट्या कैसरवर टाकून आपण मोकळे झालो तर तेही बरोबर नाही. न ऐकण्याची दुसरीही एक तऱ्हा असते आणि ती लंडनमध्ये दिसली. व्हिएन्नातला इंग्रज राजदूत सर मॉरिस डी बुन्सेन. व्हिएन्नात येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. जुलैच्या मध्याला ऑस्ट्रियाचा एक निवृत्त राजदूत, काउंट ल्युत्सो, याच्याशी त्याचं बोलणं झालं आणि त्याला पक्की बातमी मिळाली. १६ जुलैला डी बुन्सेननं लंडनला तार केली, की सर्बियावर एक प्रकारचं आरोपपत्र तयार होतंय, कडक मागण्या येणार आहेत, ऑस्ट्रिया वाटाघाटींच्या मनःस्थितीत नाही, बिनशर्त मान्य करा नाहीतर बळाचा वापर होईल, आणि जर्मनीची याला संमती आहे असं म्हणतात.

ऑस्ट्रियाचा खलिता सर्बियाच्या हातात पडला २३ जुलैला संध्याकाळी सहा वाजता, ४८ तासांच्या मुदतीनं. म्हणजे एक अख्खा आठवडा आधी लंडनला जवळजवळ पूर्ण पेपर मिळाला होता. तोही अशा वेळी, जेव्हा ऑस्ट्रियानं आपला सरसेनापती आणि युद्धमंत्री यांना मुद्दाम रजेवर पाठवलं होतं, की बाहेरच्यांना वाटावं, ‘छे, इथं काही शिजत नाहीये.’ त्या सोंगाला भुलायचं नसेल तर डी बुन्सेनची तार पुरेशी होती.

लंडननं काय केलं? डी बुन्सेनला कुणी झापलं नाही. कुणी त्याला मूर्ख म्हटलं नाही. तार नोंदली गेली, फाईलला लागली. परराष्ट्र खात्यातला सर्वांत वरिष्ठ अधिकारी आर्थर निकल्सन याचं जुलैच्या सुरुवातीपासूनचं मत होतं की ऑस्ट्रिया फार काही करणार नाही, वादळ निघून जाईल. मंत्रिमंडळाच्या टेबलावर आयर्लंडचा प्रश्न होता आणि तिथं यादवी होते की काय अशी धास्ती होती. युरोपचा विषय मंत्रिमंडळात त्या महिन्यात नीट निघाला तो २४ जुलैला, खलिता जाऊन एक दिवस उलटल्यावर. म्हणजे बर्लिनमध्ये खरं लिहिणाऱ्याला शेरा मिळाला आणि लंडनमध्ये खरं लिहिणाऱ्याला पोच मिळाली. आपल्याकडच्या कार्यालयीन भाषेत सांगायचं तर ‘अर्ज मिळाला, नोंद घेतली’. दोन्हीचा उपयोग सारखाच.

राजेशाहीची आणखी एक गंमत इथं सांगितली पाहिजे. विल्हेल्म आणि इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज हे दोघंही व्हिक्टोरिया राणीचे नातू. आते-मामे भाऊच. विल्हेल्मच्या डोक्यात परराष्ट्र संबंध म्हणजे बऱ्याच अंशी घरातलं प्रकरण. २६ जुलैला विल्हेल्मचा भाऊ प्रिन्स हाइनरिख लंडनमध्ये जॉर्जला भेटला आणि त्यानं घरी कळवलं, की जॉर्ज म्हणतो, आम्ही यातून बाहेर राहायचा प्रयत्न करू, तटस्थ राहू. विल्हेल्मनं ते राजानं दिलेलं वचन म्हणून धरून ठेवलं. तिकडं लिख्नोव्हस्की २७ जुलैला तारेवर तार करत होता की युद्ध झालं तर इंग्लंड आपल्या विरुद्ध उभं राहील. एका बाजूला भावाचा निरोप, दुसऱ्या बाजूला पगारी राजदूताचा अहवाल. खरं तर इंग्लंडमध्ये युद्धाचा निर्णय राजाच्या हातात नव्हताच. तो मंत्रिमंडळाच्या आणि पार्लमेंटच्या हातात होता. हे लिख्नोव्हस्कीला माहीत होतं, बर्लिनच्या परराष्ट्र खात्यातल्या कारकुनालाही माहीत असणार. पण कैसरनं इंग्लंडची राजेशाही आपल्या राजेशाहीच्या साच्यात बसवली. सर्किट डायग्राम चुकीची असेल तर कितीही अचूक मीटर लावा, दोष सापडत नाही.

पुढचे चार दिवस म्हणजे निव्वळ धावपळ. २८ जुलैला सकाळी कैसरनं सर्बियाचं उत्तर वाचलं. सर्बियानं जवळजवळ सगळं मान्य केलं होतं. कैसरनं खूश होऊन शेरा मारला, त्याचा आशय, की ४८ तासांत केलेली ही मोठीच कामगिरी आहे, आता युद्धाला काही कारण उरलं नाही! ज्यानं महिन्याभरापूर्वी ‘आता नाही तर कधीच नाही’ लिहिलं त्याचाच हा शेरा. पण त्याच दिवशी ऑस्ट्रियानं सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं होतं. २९ जुलैला इंग्लंडचा परराष्ट्रमंत्री ग्रे यानं लिख्नोव्हस्कीला स्पष्ट सांगितलं की फ्रान्स आणि जर्मनी यात ओढले गेले तर आम्ही बाजूला राहू शकणार नाही. कैसरनं या तारेवरही शिव्यांची लाखोली वाहिली, इंग्रजांना दुकानदारांची टोळी ठरवलं. हा माणूस हेच दोन वर्षं सांगतोय, हे मात्र त्याच्या लक्षात आलं नाही.

चॅन्सेलर बेथमान-होलवेग मात्र हादरला. त्यानं २९-३० जुलैच्या मध्यरात्रीनंतर, तीनच्या सुमारास, व्हिएन्नाला तार केली की ऑस्ट्रियाला आवरा, मध्यस्थी मान्य करायला लावा, त्यांच्यापायी आम्हाला जगभरच्या वणव्यात उडी मारायची नाही. ही तार कुणाला होती? चिर्श्कीला. ३० जूनला सबुरीचा सल्ला दिला म्हणून ज्याला झापलं, त्यालाच बरोबर एका महिन्यानं, ३० जुलैला, सबुरीचा सल्ला द्यायचा हुकूम! मधला महिना वाया गेला होता. बेलग्रेडवर तोफा सुरू झाल्या होत्या. आणि महिनाभर ‘करा, करा’ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून ‘थांबा’ ऐकून व्हिएन्ना थांबणार होतं थोडंच!

यानंतरचा १ ऑगस्टचा प्रसंग तर कुणी नाटकात घातला तर अतिशयोक्ती वाटेल. लिख्नोव्हस्कीची लंडनहून तार आली, की जर्मनीनं फ्रान्सवर हल्ला केला नाही तर इंग्लंड तटस्थ राहील असं दिसतंय. हे चुकीचं होतं. ग्रेच्या बोलण्याचा अर्थ लावण्यात गफलत झाली होती. पण कैसरनं ती तार क्षणात खरी मानली. सरसेनापती मोल्टकेला त्यानं सांगितलं की सगळं सैन्य पूर्वेकडं, रशियाकडं वळवा. मोल्टके सुन्न झाला. लाखो माणसांच्या आणि हजारो रेल्वेगाड्यांच्या वेळापत्रकाची मांडणी अशी उभ्या उभ्या बदलता येत नाही, असं त्यानं सांगितलं. रात्री राजा जॉर्जची तार आली की काहीतरी गैरसमज झालाय. आणि सैन्य ठरल्याप्रमाणं पश्चिमेकडं निघालं.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं सार याच एका संध्याकाळीत आहे. या माणसानं दोन वर्षं खरं कळवलं, ते कुणी खरं मानलं नाही. एकदा चुकीचं कळवलं, ते तासाभरात खरं मानलं गेलं, कारण ते हवं होतं.

आता एक आक्षेप मीच घेतो. केवळ शेऱ्यांमुळं महायुद्ध झालं, असं म्हणणं पोरकटपणाचं आहे. रशियानं सैन्य जमवलं, फ्रान्सची मैत्री होती, जर्मन सेनापतींना वाटत होतं की युद्ध व्हायचंच असेल तर रशिया आणखी बळकट व्हायच्या आत झालेलं बरं. शंभर वर्षं होऊन गेली तरी इतिहासकार यावर भांडताहेत. कैसरनं ‘कशावरून?’ असं विचारलं असतं तर युद्ध टळलंच असतं, हे कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही. पण निदान डोळे उघडे ठेवून निर्णय झाला असता. आणि निर्णय घेणाऱ्यानं स्वतःचेच डोळे स्वतःच्या पेन्सिलीनं झाकून घेतले, याची किंमत त्याला फारशी मोजावी लागली नाही. १९१८ साली गादी गेली, हॉलंडमध्ये जाऊन राहिला आणि १९४१ साली म्हातारा होऊन मेला. किंमत मोजली ती ज्यांचा या अहवालांशी काडीचा संबंध नव्हता त्यांनी. सातारा-रत्नागिरीकडच्या काही गावांत अजून दगडी पाट्या आहेत, या गावातून इतकी माणसं १९१४-१९ च्या महायुद्धात गेली, त्यातली इतकी कामी आली. इंग्रजांच्या सैन्यातली सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन, मराठा पलटणींसकट इराकमध्ये कुत या गावी वेढ्यात अडकली आणि उपासमारीनं २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. त्या गावच्या लोकांना चिर्श्की कोण, लिख्नोव्हस्की कोण, हे कधी कळलंही नसेल.

हे सगळं आपल्याला कळलं तरी कसं? १९१८ च्या क्रांतीनंतर नव्या सरकारनं कार्ल काउट्स्की या समाजवादी लेखकाला परराष्ट्र खात्याची कपाटं उघडून दिली. १९१९ च्या डिसेंबरात चार खंड छापून आले, शेऱ्यांसकट. लिख्नोव्हस्कीनंही १९१६ साली आपली कैफियत लिहून मोजक्या लोकांना वाचायला दिली होती, ती फुटली, १९१८ साली बाहेर छापली गेली आणि त्याला प्रशियाच्या वरिष्ठ सभागृहातून काढून टाकलं. खरं लिहिल्याचा शेवटचा शेरा!

आता पुन्हा हॉस्टेलवर येतो. डिप्लोमाला असताना मी ज्या वसतिगृहात राहायचो त्याचं नाव नको. तिथं मेसच्या दाराशी एक तक्रारवही टांगलेली असायची. एका मुलानं तीत लिहिलं, ‘टाकीच्या पाण्याला वास येतो.’ समासात शेरा आला, ‘सदर विद्यार्थ्याने कार्यालयात येऊन भेटावे.’ तो भेटायला गेला. मग त्याच्या घरी पत्र गेलं. त्यानंतर वहीत सगळं छान छान यायला लागलं. ‘जेवण उत्तम’, ‘स्वच्छता समाधानकारक’. त्यातलं एक ‘जेवण उत्तम’ माझ्या अक्षरात आहे. दोन महिन्यांनी आमच्या मजल्यावरच्या नऊ मुलांना कावीळ झाली. चौकशीला माणसं आली तेव्हा त्यांच्यापुढं तीच वही ठेवली गेली, बघा, पाण्याबद्दल नंतर एकही तक्रार नाही. टाकीचं झाकण उघडलं ते त्यानंतर. आत काय होतं ते जेवणाआधी वाचणाऱ्यांसाठी सांगत नाही.

चिर्श्कीला नावं ठेवायचा मला अधिकार नाही, हे मला तेव्हापासून माहीत आहे. त्याला राजदूतपद सांभाळायचं होतं, मला हॉस्टेलची जागा.

म्हणून सर, मॅडम, रेक्टर साहेब, एक विनंती. कुठल्याही वहीत, जर्नलमध्ये, फीडबॅक फॉर्ममध्ये न पटणारं काही दिसलं तर शेरा मारायच्या आधी एकदा विचारा, ‘कशावरून?’ उत्तर फालतू निघालं तर झापा, आमची काही हरकत नाही. आणि वही कोरी दिसली किंवा सगळीकडं ‘उत्तम’ दिसलं तर खूश होऊ नका. मीटरचा काटा सतत शून्यावर असेल तर आपणच आम्हाला शिकवता की आधी वायर सुटलीय का ते बघा.

आणि मित्रांनो, आपल्यासाठीही एक. शेरा कडक आला म्हणून पुढचं रीडिंग बदलू नका. लिख्नोव्हस्की हुशार होता की नाही यावर वाद आहेत, शेवटी तोही चुकलाच. पण त्यानं साहेबाची मर्जी बघून रीडिंग बदललं नाही. आमच्या त्या मित्राला मी हा लेख छापायच्या आधी दाखवला. तो हसला आणि म्हणाला, ‘त्या दिवशीचा मीटर खरंच बिघडलेला होता रे. दुसऱ्या बॅचलाही तसंच येत होतं.’

मी विचारलं, ‘मग सांगितलं का नाहीस?’

तो म्हणाला, ‘कुणी विचारलंच नाही.’